लटका माहितीपट आणि छापील अंक
जुन्या शहरांतील कांहीं विद्यार्थी परवां आमचेकडे आले. असदगडाचा कल्पित इतिहास गंभीर मुद्रेनें सांगणारा लटका माहितीपट काढावयाचा, आणि प्रसिद्धीसाठीं एक अंकही छापावयाचा, असा त्यांचा बेत! १ एप्रिल १९५७ रोजीं बी.बी.सी.नें झाडांवरून स्पॅघेटी, म्हणजे तिकडील शेवया, उतरवितांना दाखविल्या. तेव्हां कित्येकांनीं लागवडीची रीत विचारली होती. (आमच्या भगिनी फसल्या नसत्या!) थट्टेस आमची हरकत नाहीं. परंतु पडद्यावरची गंमत घटकाभरांत संपते; छापील अंक फडताळांत राहतो, आणि नातवंडें त्यासच पुरावा मानितात. वजीर असदखानाच्या नांवाचा हा मोर्णाकांठचा किल्ला आधींच बहुतेक नाहींसा झालेला. त्याच्या वेशींवरील शिलालेख अंकांत जसेच्या तसे द्यावे, व चित्रपट कल्पित असल्याचें पहिल्याच पानावर छापावें, असें आम्हीं सुचविलें.
‘मग पाहावयास कोण येईल?’ मुलांनीं विचारलें.
आम्ही तरी येऊं, तिकीट काढून.