रिकोशेची बदललेली वाट

अंध व्यक्तीला सुखरूप रस्ता ओलांडून देणारा, चाकाच्या खुर्चीतील माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून देणारा श्वान पाहिला की त्याच्या निष्ठेचे कौतुक वाटते. त्या निष्ठेमागे किती कठोर निवड असते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. अमेरिकेत १९२९ साली ‘द सीइंग आय’ ही मार्गदर्शक श्वानांची शाळा स्थापन झाली, आणि पुढे अशा अनेक संस्था उभ्या राहिल्या. त्यांची रीत साधारण सारखीच असते. पिल्लू सुमारे आठ आठवड्यांचे झाले की ते एखाद्या स्वयंसेवी कुटुंबाकडे सोपविले जाते. वर्ष-सव्वा वर्ष ते कुटुंब त्याला शिस्त लावते. बाजारात, बसमध्ये, कार्यालयात नेऊन गर्दी-गोंगाटाची सवय करविते. मग पिल्लू संस्थेत परतते आणि खरे प्रशिक्षण सुरू होते. आज्ञा पाळणे तर त्यात आलेच. परंतु समोरून मोटार येत असताना ‘पुढे चल’ अशी आज्ञा मिळाली, तर ती मोडण्याचा विवेकही त्या मुक्या जिवाने दाखवावा लागतो.

या कसोटीला पुष्कळ श्वान उतरत नाहीत. कोणाच्या खुब्याच्या सांध्यात दोष निघतो, कोणी मोठ्या आवाजाला बिचकतो, कोणी खार दिसताच भान विसरतो. त्यांचे पुढे काय होते, याचे एक हृद्य उत्तर कॅलिफोर्नियातील रिकोशे नावाच्या गोल्डन रिट्रीव्हर कुत्रीच्या जीवनात सापडते.

रिकोशेचा जन्म २००८ सालचा. सहायक श्वान घडविणाऱ्या ज्युडी फ्रिडोनो यांनी डोळे उघडण्याच्या वयापासूनच तिला शिकवायला आरंभ केला. दिवा लावणे, दार उघडणे, वस्तू आणून देणे, सारे ती झटपट आत्मसात करी. शरीराचा तोल साधावा म्हणून लहानशा पाण्याच्या हौदात तरंगत्या फळीवर उभे राहण्याचेही धडे तिला मिळाले होते. सर्व काही योजल्याप्रमाणे चालले असता एक अडचण पुढे आली. पक्षी दिसला की रिकोशे त्यामागे धाव घेई. शिकाऱ्यांनी पाडलेले पक्षी आणून देण्यासाठीच ही जात एके काळी जोपासली गेली होती, त्यामुळे ती ओढ रक्तातलीच म्हणायची. पण तिचा पट्टा उद्या ज्याच्या हाती जाणार, तो माणूस एका हिसक्याने खुर्चीतून खाली पडला असता. ती ओढ घालविण्याचे प्रयत्न फळाला आले नाहीत, आणि अखेर रिकोशेला प्रशिक्षणातून मुक्त करावे लागले.

एवढे कष्ट घेतलेल्या शिक्षिकेला हा घाव सोसणे सोपे नव्हते. तिला जे जमत नाही, त्याचाच विचार बराच काळ मनात घोळत राहिला. मग दृष्टी वळली ती तिला सहज जमणाऱ्या गोष्टीकडे: फळीवरच्या त्या तोलाकडे. रिकोशे समुद्राच्या लाटांवर सर्फिंग करू लागली. २००९ च्या उन्हाळ्यात हातापायांचे बळ गमावलेल्या एका किशोरवयीन मुलाच्या उपचारांसाठी निधी जमविण्याचा बेत ठरला. दोघांनी आपापल्या फळीवरून शेजारी शेजारी लाटेवर स्वार व्हायचे होते. पण रिकोशेने आपली फळी सोडली आणि आपण होऊन त्या मुलाच्या फळीवर उडी घेतली. तिला हे कोणी शिकविले नव्हते. पुढची अनेक वर्षे ती दिव्यांग मुलांसोबत, आत्ममग्न बालकांसोबत आणि युद्धाच्या आठवणींनी पोळलेल्या माजी सैनिकांसोबत लाटांवर उभी राहिली. २०२३ मध्ये, पंधरा वर्षांचे आयुष्य जगून, तिने देह ठेवला.

रिकोशेसारखी कीर्ती प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, आणि तिची गरजही नसते. बहुतेक मुक्त श्वान लाडक्या सोबत्याचे साधे जीवन जगतात. ज्या कुटुंबाने वाढविले, त्यालाच पुष्कळदा प्रथम विचारले जाते. काहींना दुसरे काम मिळते. मार्गदर्शक श्वानाचे पिल्लू सांभाळणाऱ्या एका मधुमेही स्वयंसेवकाच्या रक्तातील साखर एकदा रात्री धोकादायकपणे उतरली, तेव्हा त्या पिल्लानेच त्याला भानावर आणले. त्या अनुभवातून पुढे कॅलिफोर्नियात एक संस्था उभी राहिली. साखर उतरू लागताच माणसाच्या गंधात होणारा बदल ओळखून त्याला सावध करण्याचे काम तेथे श्वानांना शिकवितात, आणि त्यांतील बरेच श्वान मार्गदर्शकाच्या परीक्षेतून बाहेर पडलेले असतात. अशा श्वानाला तिकडचे लोक ‘नापास’ म्हणत नाहीत. त्याने ‘व्यवसाय बदलला’ असे म्हणतात.

शब्दाची ही निवड केवळ सौजन्याची नाही. तिच्यामागे दोन कर्तव्यांची जाण आहे. पहिले म्हणजे, जे जमत नाही ते वेळीच आणि स्पष्टपणे ओळखणे. तेथे माया आड आली, तर पट्टा धरणाऱ्याच्या जिवाशी खेळ होतो. दुसरे म्हणजे, नकार दिल्यावर हात झटकून मोकळे न होता, त्या जिवाला योग्य ठिकाण मिळेपर्यंत सोबत राहणे. पहिले कर्तव्य पार पाडणारे पुष्कळ असतात. दुसऱ्यापाशी धीर संपतो.

पिढीजात पेढी असलेल्या घरांना हा प्रसंग अपरिचित नाही. मुलगा गादीवर बसतो, खतावणी समोर असते, पण मन तेथे रमत नाही. दोनदा नुकसान होते आणि घरात त्याच्यासाठी एक शब्द कायमचा ठरून जातो. व्यवहार त्याच्या हाती देऊ नये, हा निर्णय कदाचित रास्तही असेल. परंतु त्या निर्णयाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याशी काय बोलले जाते, त्यावर त्याची पुढची वाट अवलंबून असते. त्याला सहज जमणारी एखादी गोष्ट घरच्यांनी कधीतरी पाहिलेली असते. त्या सकाळी तिची आठवण काढावी.