बाबांची आठ पानं

जूनचा तिसरा रविवार जवळ आला की दुकानांत 'जगातले सर्वात छान बाबा' असली छापील कार्डं दिसू लागतात. 'ही कसली पाश्चात्त्य थेरं' म्हणणारेही भेटतात. माझं त्या दिवसाशी भांडण नाही, भांडण आहे ते छापील मजकुराशी. आणि तो काही फक्त कार्डावर नसतो, आपल्या 'माझे बाबा' या निबंधातही असतो. माझे बाबा खूप प्रेमळ आहेत. ते खूप कष्ट करतात. वर्गात चाळीस मुलं, चाळीस निबंध, आणि बाबा मात्र एकच!

म्हणून मी चौथीच्या मुलांकडून निबंधाऐवजी चित्रगोष्ट करून घेते. साहित्य म्हणजे चित्रकलेचा एक कागद. घड्या घालून त्याचे आठ चौकोन पाडायचे, मधल्या चार चौकोनांच्या मधोमध आडवा काप द्यायचा, आणि पुन्हा घडी घातली की आठ पानांचं पुस्तक तयार. नियम एकच : प्रेमळ, कष्टाळू, महान हे शब्द बंद. बाबा काय करतात ते काढायचं आणि खाली एक वाक्य लिहायचं.

इथे मुलांची पंचाईत होते, कारण आता बघावं लागतं. बाबा घरी आल्यावर आधी काय करतात? कशाला हसतात? हातावरची ती खूण कसली? माहीत नसेल तर घरी जाऊन विचारायचं. एकाचे बाबा रात्रपाळीला जातात. त्याने दाराशी काढलेल्या चपला आणि पांघरूण काढलं. खाली वाक्य होतं, 'बाबा झोपलेत. मी आवाज बंद करून कार्टून बघतो.' आभार मानायचे म्हणजे आणखी काय करायचं असतं?

मोठ्यांनी मदत करावी ती प्रश्न विचारण्यापुरती. बाबांचे हात गुडघ्यापर्यंत आले तर येऊ देत.

ज्यांच्या घरी बाबा नाहीत त्यांचं काय, असं नेहमी विचारलं जातं. माझं मत असं की बाबा, आजोबा, मामा, आई, जे कुणी तुम्हाला सांभाळतं त्यांची गोष्ट करा, असं सगळ्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगावं. कुणाला वेगळा हात वर करायला लागू नये. मुळात हा दिवस १९१० साली अमेरिकेतल्या स्पोकेनमध्ये सोनोरा डॉड यांच्या पुढाकाराने साजरा झाला, तोच आई गेल्यावर एकट्याने मुलं वाढवणाऱ्या त्यांच्या वडिलांमुळे. एकाने दोघांचं काम केल्याची आठवण त्यात पहिल्यापासून आहेच की.

आणि हो, या पुस्तकांना मी गुण देत नाही. वेलांटी चुकली म्हणून बाबांच्या पुस्तकावर लाल रेघ ओढायची, हे काही मला पटत नाही.

तुमच्या घरी चौथी-पाचवीतलं कुणी असेल तर त्याच्या हातात एक कागद देऊन बघा. पेन्सिल मात्र त्याच्याकडेच राहू द्या.