हजर राहायचं कुणी?



आज एका ओळीशी भांडायचं आहे. "लाभार्थ्याने स्वतः उपस्थित राहावे." तहसीलच्या फलकावर, बँकेत, सेवा केंद्राच्या दारावर ही ओळ तुम्हीही वाचली असेल. आपल्यासारख्या चालत्याफिरत्या बाईला त्यात काही खटकत नाही. पण जी बाई कित्येक वर्षं उंबरा ओलांडू शकलेली नाही, तिला शरीर साथ देत नाही म्हणून अनुदान मिळतं, आणि ते चालू ठेवायला तिनेच उंबरा ओलांडून यायचं! हा नियम अन्यायाचा आहे. आणि तो मुकाट्याने पाहणाऱ्या आपणही निर्दोष नाही.

आधी योजना समजून घेऊ. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना दरमहा पैसे मिळतात. जुलै २०२३ पासून ही रक्कम १,५०० रुपये होती. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी ती २,५०० झाली. वाढ झाली याचा आनंद आहेच. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट म्हटलं आहे की अशा योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मिळालं पाहिजे. कायदा एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला, तरी २०२५ पर्यंत या योजनेत दिव्यांगालाही इतरांइतकेच दीड हजार मिळत होते. म्हणजे ही वाढ कुणाची मेहेरबानी नाही, उशिरा दिलेला हक्क आहे.

रक्कम वाढली, तशी वाटही बदलली. आता पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र जून २०२१ पासून ऑनलाइनच निघतं, जुना हाताने लिहिलेला दाखला पुरत नाही. यात चांगलंही आहे. मधला माणूस गेला, "काकू, तुमचं काम करून देतो, शंभर द्या" म्हणणारा गेला. हे मी नाकारत नाही. पण आधारवरचं नाव एक आणि पासबुकावरचं दुसरं, मोबाईल नंबर बंद पडलेला, अंगठा मशिनवर उठत नाही, यातलं एक जरी झालं तरी पैसे थांबतात. आणि दुरुस्तीसाठी फेऱ्या मारायच्या कुणी? जिला फेऱ्या मारता येत नाहीत तिनेच.

आमच्या गल्लीत एक अक्का आहेत. लहानपणी पोलिओ झाला, आता वय अठ्ठावन्न. पाच महिने पैसे आले नाहीत. पुतण्याने रोजगार बुडवून, टेम्पो ठरवून त्यांना बँकेत नेलं. तिथे चार पायऱ्या. दोघांनी उचलून आत नेलं. मशिनने अंगठा घेतला नाही, "पुढच्या आठवड्यात परत आणा" असं सांगितलं. अक्का घरी येऊन म्हणाल्या, "पैसे राहू देत, मला पुन्हा असं चारचौघांत उचलू नका." पुढे आम्ही तिघीचौघींनी लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. त्यानंतर बँकेचा एक कर्मचारी कागद घेऊन घरी आला. दहा मिनिटांत काम झालं. जे दहा मिनिटांत घरी होत होतं, त्यासाठी पाच महिने का गेले?

कारण घरी येण्याचा नियम असतो हे आपल्याला कुणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच सगळ्या बँकांना बजावलं आहे की सत्तरीवरचे ज्येष्ठ आणि दिव्यांग वा अशक्त माणसं यांना रोख रक्कम, केवायसीचे कागद, हयातीचा दाखला यांची सोय घरपोच द्यावी. आधारचं कामही घरी येऊन होतं, त्याला ७०० रुपये शुल्क आहे. दोन हजारांवर महिना काढणाऱ्या बाईकडून ते का घ्यावेत, हा माझा दुसरा भांडणाचा मुद्दा. ज्यांची बोटं किंवा डोळे मशिनवर येतच नाहीत, त्यांच्यासाठी आधारमध्ये अपवादाची तरतूद आहे. आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून यांच्या खटल्यात सांगितलं की ऑनलाइन ओळख पटवण्याची पद्धत दिव्यांगांना वापरता येईल अशीच असली पाहिजे, तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या या बाईंना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता येत नाहीत म्हणून बँक खातं उघडताना अडचण आली होती.

इतकं सगळं आपल्या बाजूने असताना आपण गप्प का? इथे मला आपल्याच बायकांशी बोलायचं आहे.

पहिलं वाक्य ऐकू येतं: "आपण देणारा समाज, सरकारपुढे हात कशाला पसरायचा?" मैत्रिणींनो, या योजनेत दिव्यांगाच्या कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. महिन्याचे चार हजार आणि थोडे वर. अशी घरं आपल्यात नाहीत असं समजू नका. आपल्यात अर्ध्या एकरावर राबणारे आहेत, दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहिणारे आहेत. त्यांच्या घरातल्या आजारी मुलीला आपण "मान" शिकवतो आणि औषधाची चिठ्ठी तशीच राहते.

दुसरं वाक्य आणखी कठीण: "ज्याचं त्याचं कर्म." असाता वेदनीय कर्माचा उदय असेलही. पण ते जाणणारे आपण कोण? आणि दुसऱ्याच्या लाभात विघ्न आणलं की अंतराय कर्म बांधलं जातं, हे पाठशाळेतल्या मुलालाही माहीत असतं. शिपायाने परत पाठवलं ते विघ्नच, आणि "कशाला अर्ज करतेस" म्हणून आपण तिला थांबवलं तेही विघ्नच. तिच्या कर्माचा हिशेब मांडताना आपला हिशेब कोण मांडणार?

वैयावृत्त्य हे आपल्याकडे अंतरंग तपात मोजलं जातं. मुनिराज, माताजी गावात आल्या की आपण पहाटेपासून चौक्यात उभ्या असतो, शुद्धीत तसूभर चूक होऊ देत नाही. ते योग्यच आहे. पण सेवा तिथेच थांबत नाही. तहसीलच्या खिडकीत दोन तास उभं राहून अक्काच्या अर्जाची पोच आणणं हीही सेवा आहे. अभिषेकाच्या बोलीत आपण हजारांनी पुढे जातो. बस्तीच्या पायऱ्यांशेजारी उतार करायचा म्हटलं की मात्र "पुढच्या वर्षी बघू." अशी बाई दर्शनाला येत नाही म्हणून ती आपल्याला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून उतार होत नाही.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. पुढच्या महिला मंडळाच्या बैठकीत भजनानंतर पंधरा मिनिटं याला द्या. आपल्या गल्लीत घराबाहेर न पडू शकणारी कोण कोण आहे याची यादी करा. प्रत्येकीमागे एक बाई नेमा. तिने ही कामं करायची:

आधार कोणत्या खात्याशी जोडलं आहे ते पाहायचं. पैसे सर्वात शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. "आले नाहीत" म्हणतो ते पैसे कधी कधी विसरलेल्या जुन्या पासबुकात पडून असतात.

आधार, पासबुक आणि दिव्यांग प्रमाणपत्रावरचं नाव एकसारखं आहे का ते तपासायचं. माहेर-सासरच्या नावांचा घोळ इथेच नडतो.

बँकेला घरपोच सेवेसाठी लेखी अर्ज द्यायचा. तोंडी विनंती करू नका, कागदावर शिक्का घ्या.

अनुदान थांबलं तर तहसीलदारांकडे कारण लेखी मागायचं. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात अर्ज करायचा, त्याला ३० दिवसांची मुदत असते. तरीही दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

आणि हे सगळं करताना तिला विचारून करायचं. तिचे पैसे, तिची सही, तिचा निर्णय. तिच्या मोबाईलवर आलेला ओटीपी तिच्यासमोरच वापरायचा, पैसे तिच्याच हातात द्यायचे.

कार्यालयांना सांगणं एवढंच: ज्याला चालता येतं त्याने चालत यावं. तुमचा कर्मचारी चालू शकतो, अक्का चालू शकत नाहीत. हजर राहायचं ते तुम्ही, तिच्या दारात.

पर्युषणात आपण सगळ्या जीवांची क्षमा मागतो. यंदा त्याआधी ही यादी तयार झालेली असू दे.

जय जिनेंद्र.