निकाल लागला, शाळा बंद झाली

"१९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालाने शाळांमधला वर्णभेद संपवला." हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलंय की आता ते दिसलं की माझा हात आपोआप लाल पेन शोधायला लागतो. दर मे महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिकडची भाचरं ते पाठवतात. सोबत 'अमेरिका घडवणारे दहा निकाल' अशी एक यादी असते. मग खाली कुणीतरी सुस्कारा टाकतं की नाहीतर आपल्याकडे बघा, नुसत्या तारखांवर तारखा!

मंडळी, त्या वाक्यातलं साल बरोबर आहे, न्यायालय बरोबर आहे. क्रियापद चुकलंय.

निकालाचं नाव 'ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन'. कॅन्सस राज्यातल्या टोपेकाच्या ब्राऊन कुटुंबाचं नाव त्याला लागलं, पण न्यायालयाने पाच ठिकाणचे खटले एकत्र ऐकले होते. त्यातला एक व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीचा (काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका समजा). पाचांपैकी हा एकच खटला खुद्द शाळेतल्या मुलांनी उभा केलेला. त्या यादीत याचं नाव कधीच नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फार्मव्हिल नावाच्या गावात कृष्णवर्णीय मुलांसाठी मोटन हायस्कूल होतं. १९३९ साली १८० मुलांसाठी बांधलेल्या त्या इमारतीत १९५१पर्यंत साडेचारशेच्या वर मुलं झाली. व्यायामशाळा नाही, जेवणघर नाही. जादा मुलांसाठी मैदानात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोल्या उभ्या केलेल्या. पाऊस आला की गळायच्या, थंडीत शेगडीजवळ बसलेलं मूल भाजायचं आणि कोपऱ्यातलं कुडकुडायचं. गोऱ्या मुलांची शाळा त्याच गावात, चांगली पक्की.

बार्बरा जॉन्स ही तिथली सोळा वर्षांची मुलगी. २३ एप्रिल १९५१ रोजी तिने आणि तिच्या सोबत्यांनी मुख्याध्यापकांना खोटा फोन करवला की तुमची मुलं बसस्टँडवर काही भानगडीत सापडली आहेत. ते तिकडे धावले. इकडे प्रत्येक वर्गात मुख्याध्यापकांच्या नावाची चिठ्ठी गेली की सगळ्यांनी सभागृहात जमावं. पडदा उघडला तर व्यासपीठावर बार्बरा! तिने शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं आणि मुलांना म्हणाली, नवीन शाळा मिळेपर्यंत आपण वर्गात बसायचं नाही. सगळी शाळा बाहेर पडली. दोन आठवडे संप चालला. (शिक्षिका म्हणून खोट्या चिठ्ठीला माझा कायम विरोध आहे. या एका चिठ्ठीला नाही.)

ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे वकील आले. त्यांनी अट घातली की नुसती चांगली इमारत मागणार असाल तर आम्ही लढणार नाही. वेगळ्या शाळांची पद्धतच मोडा अशी मागणी करायची असेल तर उभे राहू. मुलांनी आणि आईबापांनी ते मानलं. मे महिन्यात खटला दाखल झाला. मुख्याध्यापकांची नोकरी गेली. जिवाला धोका म्हणून बार्बराला अलाबामात काकांकडे पाठवावं लागलं.

१७ मे १९५४ला नऊ विरुद्ध शून्य असा निकाल लागला. वेगळ्या शाळा मुळातच असमान असतात, हे सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी स्वच्छ सांगितलं. इथपर्यंत सगळे सांगतात. इथून पुढचं कुणी सांगत नाही.

अंमलबजावणी कशी करायची हे न्यायालयाने वर्षभराने, ३१ मे १९५५ला सांगितलं. तारीख दिली नाही. 'ऑल डेलिबरेट स्पीड' असे शब्द वापरले, म्हणजे 'पूर्ण विचारपूर्वक वेगाने'. चाळीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला विचाराल तर हे शब्द एकमेकांच्या पायात पाय घालणारे आहेत. दक्षिणेतल्या पुढाऱ्यांनी त्यातला 'विचारपूर्वक' तेवढा उचलला आणि 'वेग' टाकून दिला. १९५६ साली तिकडच्या १०१ खासदारांनी निकालाविरुद्ध जाहीरनामा काढला. व्हर्जिनियात सेनेटर हॅरी बर्ड यांनी तर 'प्रचंड प्रतिकारा'ची हाकच दिली.

आणि प्रिन्स एडवर्डने काय केलं? १९५९ साली मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम दारात आला तेव्हा तिथल्या कारभाऱ्यांनी शाळांसाठी कर गोळा करायलाच नकार दिला. पैसा नाही म्हणून सगळ्या सार्वजनिक शाळांना कुलूप. युक्तिवाद काय, तर कुणालाच शाळा नाही म्हटल्यावर भेदभाव कुठे राहिला? गोऱ्या मुलांसाठी लगेच खासगी शाळा निघाली. पुढे तिथल्या फीसाठी राज्याने आणि काउंटीने अनुदान दिलं, देणगीदारांना करात सवलत दिली. कृष्णवर्णीय पालकांना सांगण्यात आलं, तुम्हालाही वेगळी खासगी शाळा काढून देतो. त्यांनी ती नाकारली, कारण ती घेतली की खटल्याचा मुद्दाच संपला असता. स्वतःच्या मुलांची वर्षं पणाला लावून त्यांनी नकार दिला. मला त्या नकारापुढे नऊ न्यायमूर्तींची एकमुखी सही फार लहान वाटते.

शाळा किती दिवस बंद राहिल्या असतील? पाच वर्षं. १९५९ ते १९६४. देशातल्या सर्वोच्च न्यायालयात जिंकलेल्या मुलांच्या शाळा, जिंकल्यानंतर, पाच वर्षं.

दिवाळीच्या तीन आठवड्यांच्या सुट्टीनंतर मुलं बाराचा पाढा विसरून येतात. कोविडात दीड-दोन वर्षं शाळा बंद होत्या, तर चौथीतली मुलं जोडाक्षरापाशी अडखळताना आपण पाहिली, आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या हातात निदान फोन होता. फार्मव्हिलमध्ये १९५९ साली सहा वर्षांचं असलेलं मूल पेन्सिल धरायच्या वेळी घरी बसलं आणि शाळा उघडली तेव्हा अकरा वर्षांचं झालं होतं. पंधरा वर्षांचं होतं त्याचं शिक्षण तिथेच संपलं. चर्चच्या तळघरांत वर्ग भरले, काही मुलं नातेवाइकांकडे किंवा परराज्यात अनोळखी कुटुंबांकडे राहायला गेली. बाकीची शेतात गेली. शेवटच्या वर्षी, १९६३ला, केनेडी सरकारच्या प्रयत्नाने देणग्यांतून मोफत शाळा निघाल्या.

मे १९६४मध्ये न्यायालयाने ग्रिफिन खटल्यात सांगितलं की विचारपूर्वक वेगाची मुदत आता संपली, शाळा उघडा. म्हणजे १९५५ साली दिलेली पळवाट बुजवायला त्याच न्यायालयाला नऊ वर्षं लागली. आणि तारखांवर तारखांबद्दल सुस्कारे टाकायचे ते आपल्याकडे बघून!

हे एका काउंटीचं वेडाचार म्हणून सोडून देता येईल का? १९६३-६४ या शालेय वर्षात दक्षिणेतल्या अकरा राज्यांत गोऱ्या मुलांबरोबर शिकणारी कृष्णवर्णीय मुलं होती शंभरात जेमतेम एक. निकालाला तोवर दहा वर्षं होत आली होती. १९६४ साली संसदेने नागरी हक्क कायदा केला, १९६५ साली शिक्षणासाठी केंद्राचा मोठा पैसा आला आणि भेदभाव कराल तर तो मिळणार नाही असं झालं. तेव्हा कुठे १९६८-६९पर्यंत ते प्रमाण तीसच्या वर गेलं. तो कायदा रस्त्यावर मार खाल्लेल्या, तुरुंगात गेलेल्या माणसांनी संसदेकडून करवून घेतला.

कुणी म्हणेल, निकालच नसता तर लढायला आधार कुठे होता? मान्य. आधार मोठाच होता. पण दार उघडं आहे असं लिहून देणं वेगळं आणि दार उघडणं वेगळं. शिवाय दाराला कडी घालणारं तरी कोण होतं? वेगळे पण समान हे चालतं, असा निर्वाळा १८९६ साली प्लेसी खटल्यात याच न्यायालयाने दिला होता. विरोधात एकटे हार्लन. स्वतः घातलेली कडी ५८ वर्षांनी काढणाऱ्याला किती हार घालायचे? २०२२ साली याच न्यायालयाने १९७३चा गर्भपाताचा हक्क परत घेतला. दहाच्या यादीत 'रो विरुद्ध वेड' अजून असतो, तो काढायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

आता तिकडच्या भाचरांसाठी खास. भगतसिंग थिंड नावाचे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. त्यांना नागरिकत्व नको म्हणून सरकार कोर्टात गेलं आणि १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचं नागरिकत्व त्यानंतर काढून घेतलं गेलं. ते दार १९४६ साली उघडलं संसदेच्या कायद्याने, आणि कोटा किती, तर वर्षाला शंभर माणसं. खरं उघडलं १९६५च्या कायद्याने, तोही संसदेचाच, नागरी हक्कांच्या चळवळीने हवा बदलली होती म्हणून. तुमचे आईबाप ज्या व्हिसावर गेले त्याची वाट फार्मव्हिलसारख्या गावांतल्या लोकांनी तुडवलेली आहे. यादी पाठवताना एवढं लक्षात असू द्या.

आपल्याकडे हे कळायला अमेरिकेला जायची गरज नव्हती. जानेवारी १९४३मध्ये पुण्यात रानड्यांच्या जयंतीनिमित्त बाबासाहेब आंबेडकरांनी भाषण केलं. त्याचा आशय असा, की समाजाची सदसद्विवेकबुद्धीच विरोधात असेल तर कायदा, संसद, न्यायालय यांपैकी कुणीही हक्कांची हमी देऊ शकत नाही. उदाहरणं कुणाची दिली होती? जर्मनीतल्या ज्यूंची, आपल्याकडच्या अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या निग्रोंची. न्यूयॉर्कला शिकून आलेला माणूस होता, त्याने ते जवळून पाहिलं होतं. ब्राऊन निकालाच्या अकरा वर्षं आधीचं हे भाषण!

बार्बरा जॉन्स पुढे फिलाडेल्फियात ग्रंथपाल झाल्या आणि १९९१ साली वारल्या. वॉशिंग्टनच्या संसदभवनात व्हर्जिनियातर्फे रॉबर्ट ली या सेनापतीचा पुतळा होता, तो २०२०मध्ये हलवला आणि डिसेंबर २०२५मध्ये त्याच्या जागी बार्बराचा बसवला. आणि ती घरी बसलेली मुलं? २००४ साली व्हर्जिनियाने त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती सुरू केली, अर्धवट राहिलेली शाळा पुरी करायला. तोवर ती पन्नाशी-साठीला आली होती. ते पैसे मंजूर केले विधिमंडळाने.