रीत बरोबर, उत्तराचं काय?

परवा धारवाडहून बहिणीचा फोन आला. आवाज रडवेला. "अण्णा, तूच त्याला सांग बाबा. नोकरी सोडतो म्हणतोय."

'तो' म्हणजे आमचा भाचा. बेंगळुरूला चांगल्या नोकरीत आहे. गोव्यात मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर पोकरच्या स्पर्धेत तिसरा आला आणि चार लाख रुपये घेऊन आला. तेव्हापासून आता हाच व्यवसाय करायचा, असं डोक्यात घेऊन बसलाय. फोनमध्ये मागून दाजींचा आवाज ऐकू आला, "एल्ला हणेबरह!" दाजींच्या मते सगळं कपाळावरचं लिखित, भाच्याच्या मते सगळं डोक्याचं काम. आणि निकाल द्यायचा मी!

आता मी पडलो गणिताचा मास्तर. तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. उत्तर बरोबर आलं म्हणजे गणित आलं, असं नसतं. कधी ते शेजाऱ्याच्या वहीतून येतं, कधी दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून आम्ही रीतीला गुण देतो. म्हटलं, येऊ दे त्याला बेळगावला. वही तपासू.

रविवारी स्वारी आली. मी म्हटलं, "तुझा जिंकलेला मोठा डाव सांग." या खेळात दोन पत्ते आपल्या हातात असतात आणि पाच पत्ते टेबलावर सगळ्यांसाठी उघडतात. भाच्याच्या हातात राणीची जोडी होती. समोरच्यानं आपली सगळी रास पुढे सरकवली, यानंही सरकवली. पत्ते उघडले तर समोर राजाची जोडी! आणि नेमकी टेबलावर तिसरी राणी पडली.

"अशा वेळी राणीवाला शंभरात किती वेळा जिंकतो?" मी विचारलं.

"साधारण अठरा," तो जरा ओशाळून म्हणाला.

राणीची जोडी घेऊन पुढे जाणं चूक नव्हतं. रीतीचे गुण दिले. पण उत्तर त्यानं काढलं नव्हतं, ते पत्त्यानं दिलं होतं.

याची दुसरी बाजूही बघा. एखादा फार हुशार आहे, दर वेळी शंभरात ऐंशी संधी आपल्या बाजूला असतानाच सगळं पणाला लावतो. स्पर्धेत असे पाच प्रसंग आले, तर पाचही पार पडण्याची शक्यता शंभरात तेहतीसच. म्हणजे उत्तम खेळून तीनात दोनदा तो बाहेरच! म्हणून एका हारीवरून कुणाला मूर्ख म्हणू नये, आणि एका जितीवरून उस्तादही म्हणू नये.

समजा, एका मैदानावर १,०२४ माणसं जमली आणि जोड्या लावून छापा-काटा खेळू लागली. हरला तो घरी. दहा फेऱ्यांनंतर एकच उरेल, सलग दहा वेळा जिंकलेला. त्याला हार घालू, पण छापा-काट्याचा पंडित म्हणणार का? मोठ्या स्पर्धेत कुणीतरी पहिला येणारच असतो.

२००३ साली अमेरिकेत लास वेगासच्या 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'च्या मुख्य स्पर्धेत ख्रिस मनीमेकर नावाचा एक हिशेबनीस ८३९ खेळाडूंत पहिला आला. बक्षीस २५ लाख डॉलर. त्या एका विजयानं जगभर पोकरचं वेड पसरलं. पण त्याच स्पर्धेत तिसरा आलेला डॅन हॅरिंग्टन बघा. १९९५ चा तो विजेता. २००३ मध्ये तिसरा, आणि पुढच्याच वर्षी २,५७६ जणांत चौथा! मला विचाराल तर पारख करायला हा दुसरा माणूस जास्त उपयोगी.

तरीही कुणी म्हणेल, हजारोंमध्ये असा एखादा निघणारच. खरं आहे. म्हणून शिकागो विद्यापीठाचे स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स यांनी नामी युक्ती केली. २०१० च्या वर्ल्ड सिरीजच्या स्पर्धांसाठी त्यांनी ७२० निष्णात खेळाडू वेगळे काढले, तेही आधीच्या माहितीवरून. मग निकाल ताडून पाहिले. या निष्णातांना प्रवेश फीच्या शंभर डॉलरमागे सरासरी तीस डॉलरहून जास्त नफा झाला होता, बाकीच्यांना पंधरा डॉलर तोटा. म्हणजे कौशल्य आहे, नक्की आहे. पण ते दिसतं शेकडो खेळाडूंच्या बेरजेत, एका रात्रीत नाही.

हा वाद आपल्याकडे कोर्टातही गाजला. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली म्हटलं. पोकरला गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये जुगारात बसवलं. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारी आपल्या कर्नाटक सरकारची २०२१ ची दुरुस्ती उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये रद्द केली. शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदाच केला : कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळ नको. पण कोर्टाला खेळाची जात ठरवायची असते. आपल्याला पारख करायची होती घरच्या पोराची.

मी कागद पुढे केला. "किती स्पर्धा खेळलास?"

"चौदा."

"फी?"

"प्रत्येकी पंचवीस हजार."

साडेतीन लाख झाले. मिळाले चार लाख, आणि आणखी एकदा चाळीस हजार. उरले नव्वद हजार. मग बस, हॉटेल, जेवण, दर खेपेला पाच हजार धरले. सत्तर हजार गेले. दोन वर्षांची निव्वळ कमाई वीस हजार! आणि तो तिसरी राणी पडलेला डाव वजा केला असता तर? भाचा बराच वेळ कागदाकडे बघत बसला. त्यानं हिशेब लपवला नव्हता, फक्त कधी मांडला नव्हता. जिंकलेलं आठवतं, गेलेलं विरघळतं.

मी त्याला शंभर पानी वही दिली. प्रत्येक स्पर्धेची फी आणि खर्च आधी लिहायचा. महत्त्वाच्या डावात पत्ते उघडण्यापूर्वी काय माहीत होतं आणि काय ठरवलं, हे लिहायचं. निकाल शेवटी, तोही छोट्या अक्षरात. वही भरेपर्यंत नोकरी सोडायची नाही. चौदा स्पर्धांवरून तो हुशार की नशीबवान, हे मलाच काय, कुणालाही सांगता येणार नाही. बक्षीस पहिल्या थोड्यांनाच मिळतं. निष्णात खेळाडूचेही महिनेच्या महिने कोरडे जातात, आणि घरभाडं दर महिन्याला द्यावंच लागतं.

रात्री बहिणीचा फोन आला. "अण्णा, काय सांगितलंस रे त्याला? गप्प गप्प आहे."

म्हटलं, "काही नाही गं. गृहपाठ दिलाय."