मैदान मोकळे, खोली बंद

२०२२ च्या सुरुवातीला एकदा ओपीडी संपत आली असताना तळोज्याचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. ते एमआयडीसीत कामाला. मुलगी पंधरा वर्षांची, शाळेच्या फुटबॉल संघात खेळणारी. जानेवारीत घरातल्या चौघांनाही कोविड होऊन गेला होता. चौघेही घरीच बरे झाले. आता मुलीचा सराव पुन्हा सुरू होणार होता.

"डॉक्टर, नेरूळच्या स्टेडियमवर एवढा कडक बंदोबस्त, रोज चाचण्या, तरी आपल्या देशाच्या पोरी पॉझिटिव्ह निघाल्या. मग आमच्या मैदानाचा काय भरवसा?" वडिलांनी विचारले. मुलगी लगेच म्हणाली, "पण सर, मैदानावर तर मोकळी हवा असते ना?"

दोघांचेही म्हणणे बरोबर होते. कोविड आणि खेळ यांचा दोन वर्षांचा सगळा अनुभव या दोन वाक्यांच्या मध्ये सापडतो, म्हणून आजचा लेख त्यावर.

यजमानच बाहेर

महिलांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना रविवारी, ६ फेब्रुवारी २०२२ रोजी, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. मध्यंतराला ०-२ असा मागे असलेल्या चीनने दक्षिण कोरियाला ३-२ असे हरवले. नवी मुंबई, अंधेरी आणि पुण्याचे बालेवाडी या तीन ठिकाणी ही स्पर्धा झाली. यजमान भारत मात्र तोपर्यंत कधीच बाहेर पडला होता.

२० जानेवारीला भारताने इराणशी ०-० अशी बरोबरी केली. २३ जानेवारीला चिनी तैपेईशी सामना होता. त्या दिवशी इतक्या खेळाडू पॉझिटिव्ह होत्या की नियमानुसार लागणाऱ्या किमान १३ जणींची यादीही देता आली नाही. स्पर्धेच्या कोविड नियमांप्रमाणे भारताने माघार घेतली असे धरण्यात आले आणि इराणविरुद्धचा निकालही रद्द झाला. २०२३ च्या विश्वचषकाकडे जाणारी वाट तिथेच बंद झाली. एकही सामना न हरता आपला संघ स्पर्धेबाहेर गेला.

तो काळ आठवून पाहा. ७ जानेवारीला एकट्या मुंबईत एका दिवसात २०,९७१ रुग्ण नोंदले गेले होते. ओमायक्रॉन घराघरांत शिरला होता. संघाला जैवसुरक्षा परिघात ठेवले, तरी त्या परिघात स्वयंपाकी, वाढपी, सफाई कामगार आणि चालक असतातच. ती माणसे याच शहरातली. भारताचे प्रशिक्षक थॉमस डेनर्बी यांनी हॉटेलच्या कर्मचाऱ्यांच्या चाचण्यांबद्दल जाहीरपणे प्रश्न विचारले. दोष कोणाचा हे ठरवणे माझे काम नाही. पण डॉक्टर म्हणून एक गोष्ट सांगता येते. परिघ किती पक्का हे खेळाडूंच्या शिस्तीवर जेवढे अवलंबून असते, तेवढेच त्यांच्या खोलीत रोज शिरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तब्येतीवर.

हवेचा हिशेब

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. मोकळ्या मैदानावर खेळाडू एकमेकांना भिडतात, ओरडतात, धापा टाकतात. तरीही तिथे लागण कमी होते. इंग्लंडमध्ये २०२० साली रग्बी लीगच्या चार सामन्यांचा अभ्यास झाला. त्या सामन्यांत आठ खेळाडू बाधित असतानाच खेळले होते, हे नंतर कळले. रग्बीत तर एकमेकांच्या अंगावर पडणे हाच खेळ. तरी मैदानावरच्या भिडण्यातून कोणाला लागण झाली, असे ठोसपणे दिसले नाही. जे थोडे खेळाडू नंतर बाधित निघाले, त्यांची लागण मैदानाबाहेरच्या संपर्काशी जोडता येत होती.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतले आहे. जून २०२० मध्ये फ्लोरिडातील टॅम्पा भागात हौशी खेळाडूंचा आइस हॉकीचा एक सामना झाला. दोन्ही संघ मिळून २२ खेळाडू. पुढच्या काही दिवसांत त्यांपैकी १४ जण आणि तिथला एक कर्मचारी आजारी पडले. बर्फाचे मैदान छताखाली, बंदिस्त. ड्रेसिंग रूम दोन्ही संघांच्या वेगळ्या होत्या, पण खेळाडू सामन्याआधी आणि नंतर सुमारे वीस वीस मिनिटे तिथे एकत्र बसत. मास्क कोणी लावला नव्हता.

कारण सोपे आहे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत-बाहेर करतो. जीव तोडून धावणारा प्रौढ खेळाडू शंभर लिटरच्या घरात जातो. मैदानावर ती हवा वाऱ्याबरोबर पांगते. पण खेळ थांबला की हाच धापा टाकणारा माणूस ड्रेसिंग रूममध्ये येतो, मास्क काढतो, शेजाऱ्याला चिकटून बाकावर बसतो आणि मोठ्याने बोलतो. जिंकले असतील तर सगळे मिळून गातातही. मोठ्या आवाजात बोलताना आणि गाताना तोंडातून सूक्ष्म थेंब कितीतरी जास्त बाहेर पडतात. बंद खोलीत ते तरंगत राहतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली होती. तिथे हजर असलेल्या ६१ पैकी ५३ जण कोविडच्या तडाख्यात सापडले. ड्रेसिंग रूममधला वेळ कमी, पण हिशेब तोच: किती माणसे, किती वेळ, किती आवाज आणि किती खिडक्या.

म्हणून २०२० मध्ये युरोपात फुटबॉल पुन्हा सुरू झाले तेव्हा सर्वांत मोठे बदल ड्रेसिंग रूममध्ये झाले. संघ दोन-तीन खोल्यांत विभागले गेले, आत थांबण्याचा वेळ कमी झाला, अंघोळ हॉटेलवर किंवा घरी. आणि जागा कमी पडली तेव्हा बऱ्याचदा पाहुण्या संघाची सोय एखाद्या लाउंजमध्ये किंवा बाहेर उभारलेल्या तात्पुरत्या खोलीत झाली. यजमान मात्र आपल्या नेहमीच्या खोलीत राहिले.

घरच्या मैदानाचा फायदा कुठून येतो?

यजमान संघ जास्त सामने जिंकतो, हे फुटबॉलमध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ दिसत आले आहे. त्यामागे प्रवासाचा शीण, ओळखीचे मैदान, प्रेक्षकांचा आवाज आणि पंचांवर येणारा दबाव अशी कारणे सांगतात. पाहुण्यांची खोली मुद्दाम गैरसोयीची ठेवण्याचीही जुनी परंपरा आहे. इंग्लंडच्या नॉर्विच सिटी क्लबने २०१८ मध्ये पाहुण्यांची ड्रेसिंग रूम गुलाबी रंगवली होती. त्या रंगाने पाहुण्यांचा जोश थंडावेल, अशी त्यामागची कल्पना.

मग महामारीत पाहुण्यांना त्याहून वाईट खोल्या मिळाल्या, तेव्हा यजमानांचा फायदा वाढायला हवा होता. झाले उलटेच. १६ मे २०२० रोजी जर्मनीची बुंडेसलीगा रिकाम्या स्टेडियममध्ये सुरू झाली. पहिल्या फेरीतल्या नऊ सामन्यांपैकी यजमानांनी फक्त एक जिंकला. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या २०२०-२१ च्या हंगामात ३८० सामन्यांपैकी १४४ यजमानांनी जिंकले आणि १५३ पाहुण्यांनी. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. घरच्या मैदानावर लीगचे सलग ६८ सामने न हरलेला लिव्हरपूल २०२१ च्या सुरुवातीला त्याच मैदानावर सलग सहा सामने हरला.

याचे उत्तर खोलीपेक्षा गॅलरीत जास्त सापडते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश प्रयोगात ४० पंचांना एकाच सामन्यातल्या ४७ झटापटींची चित्रफीत दाखवली. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमानांविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. महामारीत स्टेडियम रिकामी झाली, तेव्हा पाहुण्या संघाला मिळणारी पिवळी कार्डेही कमी झाली. खेळाडूंच्या शरीरातही घर-परका हा भेद दिसतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या इंग्लिश अभ्यासात घरच्या सामन्याआधी खेळाडूंच्या लाळेतील टेस्टोस्टेरॉनची पातळी अधिक आढळली होती. आपली जागा राखायची, ही ती प्राण्याची जुनी प्रेरणा.

आपल्याकडे गोव्यात हाच प्रयोग आपोआप झाला. २०२०-२१ ची इंडियन सुपर लीग पूर्णपणे फातोर्डा, बांबोळी आणि वास्को इथल्या तीन मैदानांवर प्रेक्षकांविना झाली. खऱ्या अर्थाने घरचा संघ एकच, एफसी गोवा. तो उपांत्य फेरीत मुंबई सिटीकडून पेनल्टींवर हरला आणि पुढे मुंबईनेच करंडक जिंकला. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण प्रेक्षक नसताना घर किती परके होते, याची चुणूक त्यात आहे.

तेव्हा वाईट खोली दिल्याने सामना जिंकता येतो, याला या आकड्यांत आधार नाही. पण वाईट खोली दिल्याने माणूस आजारी पडू शकतो, याला भरपूर आहे. आणि विषाणू कधी एकट्या पाहुण्याकडे थांबत नाही. चहा देणारा, सामान उचलणारा, खोली झाडणारा यजमानाचाच माणूस असतो. नव्वद मिनिटांनंतर सगळे आपापल्या घरी जातात.

तळोज्यातली स्टोअररूम

एवढे सांगून झाल्यावर मी मुलीला विचारले, "तुम्ही कपडे कुठे बदलता?"

ती वडिलांकडे बघून म्हणाली, "सामानाच्या खोलीत. दार लावून."

खोली साधारण दहा बाय दहाची. त्यात जाळ्या, चेंडू, मॅट. खिडकी नाही. एका वेळी बारा-तेरा मुली. मुलगे बाहेर झाडाखाली शर्ट बदलतात. आणि दुसऱ्या शाळेच्या मुली आल्या तर? "त्या टेम्पोतच बदलतात, पडदा लावून. नाहीतर घरूनच घालून येतात."

शाळेचे नाव मी विचारले नाही. हे चित्र एका शाळेचे नाही. मुलींची फुटबॉल स्पर्धा आशियातली असो वा तालुक्याची, आपण आधी मैदान बघतो, गोलपोस्ट बघतो. कपडे बदलायची जागा शेवटी आठवते. मुलांना मोकळी हवा फुकट मिळते. मुलींना आडोसा हवा असतो आणि आपण देतो ती कोंदट, बंद खोली. आडोसा आणि हवा यांतले एकच निवडायला लावणे हा अन्याय आहे, आणि तो टाळायला फार पैसा लागत नाही.

लग्नमांडवाला लावतात ती कापडी कनात चारही बाजूंनी उभी करा, वर छप्पर नको. भोवती उंच इमारती असतील, जशा तळोजा फेज दोनमध्ये आहेत, तर वरून दाट शेडनेट टाका. नजर अडते, हवा जाते. अशा दोन जागा करा, यजमानांसाठी एक आणि पाहुण्यांसाठी अगदी तशीच दुसरी. खोलीच वापरायची असेल तर एका वेळी चार-पाच जणी, मास्क लावून, पाच मिनिटांत बाहेर. भिंतीत वरच्या बाजूला झडपा बसवून घ्या, म्हणजे दार लावले तरी हवा खेळती राहील. प्रशिक्षकांचे मध्यंतरातले बोलणे झाडाच्या सावलीत होऊ द्या. तिथे थोडे हातपाय हलवत राहिले तर स्नायूही थंड पडत नाहीत. पाण्याची बाटली ज्याची त्याची. ज्याला ताप, खोकला किंवा घसादुखी आहे तो घरी, मग तो कर्णधार असो, चालक असो वा पाणी देणारा मामा.

हे फक्त कोविडपुरते नाही. फ्लू, कांजिण्या, क्षय हे सगळे हवेतून पसरणारे आजार अशाच खोल्यांची वाट बघत असतात.

मुलीला तपासले. छाती स्वच्छ, नाडी व्यवस्थित, ऑक्सिजन उत्तम. आजार संपून तीन आठवडे झाले होते. १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजी सुरू झाले होते, त्याची आठवण वडिलांना करून दिली. आधी काही दिवस चालणे, मग हलके धावणे, मग चेंडू, आणि शेवटी सामना, असा क्रम सांगितला. धावताना छातीत दुखले, धडधडले, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर थांबायचे आणि लगेच यायचे, हेही बजावले. हे तिच्यासारख्या प्रत्येक मुलामुलीला लागू आहे.

निघताना वडील म्हणाले, "म्हणजे मैदानावर पाठवू ना?"

मी म्हणालो, "मैदानावर जरूर पाठवा. त्या खोलीबद्दल मात्र शाळेत जाऊन बोला. आणि बोलाल तेव्हा टेम्पोत कपडे बदलणाऱ्या दुसऱ्या शाळेच्या मुलींबद्दलही बोला."