शेवटचे ताट

आपल्या घरी रात्रीची जेवणे कशी होतात ते आठवून पाहा. आधी कर्ता पुरुष, मग मुलगे, मग मुली आणि सर्वांत शेवटी पातेल्याच्या तळाचे खरवडून घेणारी घरची बाई. कुणी सक्ती केलेली नसते. पिढ्यान्‌पिढ्यांची ती वहिवाट आहे. पण शरीराचा हिशेब नेमका उलटा आहे.

मी कारकून माणूस, म्हणून आकडेच देतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते, तर बाईला २९. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला ३२ लागते, कारण वाढीचे वय आणि त्यात दर महिन्याला रक्त जाते. म्हणजे जिची गरज मोठी, तिच्याच ताटात कमी! मग २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, यात नवल ते काय?

दुसऱ्याचे कशाला, माझ्या घरचे सांगतो. मुलगी दहावीत असताना पुस्तक उघडले की पेंगायची. मी तिला आळशी म्हणून चारदा बोललो. जिना चढताना धाप लागू लागली तेव्हा रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८ निघाले; ते निदान १२ हवे. आईचे तपासले, तर ९. बाहेर सभांतून समतेवर बोलणारा मी, घरातले ताट कधी पाहिलेच नव्हते.

यावर महागडे टॉनिक लागत नाही. बाजरीची भाकरी, हिरवी पालेभाजी, मटकी, फुटाणे, तीळ, सुकट, जमेल तेव्हा मटण. वर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये. तो लोह शोषू देत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी मुलींनी फेकू नये. गरोदर भगिनींनी चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी निदान १८० दिवस घ्यावी. शौचास काळे झाले तर घाबरू नये.

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला आईच्या दुधासोबत मऊ वरणभात, नाचणीची पेज द्यावी. चहा-बिस्किटावर बाळ वाढत नाही. आजी-आजोबांचे दात गेले म्हणून त्यांना चहा-पावावर ठेवू नये. आमटीत कुस्करलेली भाकरी, उकडलेले अंडे त्यांना सहज खाता येते.

एक सावधगिरी. विदर्भात आपल्या लोकांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. अशा रुग्णाने लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, डॉक्टरांना विचारावे. पाणी भरपूर प्यावे. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याचा संभव चारात एक असतो. म्हणून सोयरीक जुळवताना रक्ततपासणीची लाज बाळगू नका.

आमच्या घरी आता सगळी ताटे एकाच वेळी मांडली जातात आणि भाजी आधी सर्वांना सारखी वाटली जाते. वर्षभराने मुलीचे हिमोग्लोबिन ११ वर आले आहे. खर्च वाढला नाही, फक्त वाटप बदलले. आज रात्री आपल्याही घरी शेवटचे ताट कुणाचे आहे, ते जरूर पाहा.